साडूच्या घरचे दीडशे ट्रे

बातमी आली तेव्हा मी हायवेवरच्या टपरीत बसून सांगत होतो की, माझ्या पाच हजार कोंबड्या सकाळी एकदम ओरडल्या की शहागडच्या पुलावरचे ट्रकवाले बिचकून ब्रेक मारतात. ऐकणारे चारजण होते. तिघांनी माना डोलावल्या. चौथ्यानं मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "तुमच्या साडूचं गाव कोणतं हो?"

मी सांगितलं. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. फोटोत पांढरे झबले घातलेली माणसं होती, एक जेसीबी होता आणि मागं निळ्या पत्र्यांचं शेड होतं. ते निळे पत्रे मीच पसंत केले होते, साडूबरोबर जालन्याला जाऊन. फोटोखाली लिहिलं होतं, बर्ड फ्लू.

टपरीपासून आमचं शेत तीन किलोमीटर. त्या दिवशी मोटारसायकलला पेट्रोल लागलंच नाही, ती भीतीवरच चालली.

हा अंड्याच्या कोंबड्यांचा धंदा आम्हाला साडूनंच शिकवला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेड कुठल्या दिशेला बांधायचं, खाद्य किती वाजता टाकायचं, बाजूच्या जाळीवरचे पडदे संध्याकाळी पाडायचे आणि ऊन वर आलं की गुंडाळून ठेवायचे, सगळं त्यानं दाखवलं. त्याच्याकडं तीन हजार पाखरं, आमच्याकडं दोन. लोकांना सांगताना मी पाच सांगायचो, पण ते वेगळं.

घरी पोचलो तोवर बायकोनं फोन लावलेला होता. "दाजी," एवढंच ती म्हणाली आणि नुसती ऐकत राहिली. मग फोन माझ्याकडं दिला.

"पाव्हणं," साडू म्हणाला, "पहिल्या दिवशी चाळीस गेल्या. दुसऱ्या दिवशी मोजल्या न्हाईत. आता साहेब लोक आलेत, खड्डा घेऊन राह्यलेत."

मला काय बोलावं सुचेना. माझ्या आयुष्यात असं होत नाही.

"तुमच्याकडं बराबर हाय ना?"

"एकदम बराबर."

"मंग इकडं येऊ नका. कितीबी वाटलं तरी येऊ नका."

दुपारी गावात रिक्षा फिरली. भोंग्यावरून एक माणूस सांगत होता की, रोग सापडलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या वर्तुळातल्या सगळ्या पक्ष्यांची शास्त्रोक्त पद्धतीनं विल्हेवाट लावण्यात येत आहे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालू आहे. आमचं शेड साडूच्या शेडपासून सरळ रेषेत नऊ किलोमीटर. ते मी मोबाईलवर सतरा वेळा मोजलं. एकदा तर मोबाईल बदलून मोजलं. नऊच भरलं.

आणि माझ्या शेडवर रोग निघाला तर एक किलोमीटरचं वर्तुळ माझ्याभोवती पडणार होतं. आमचं गाव एवढंसं. त्या वर्तुळात देऊळ, शाळा, विहार, पाण्याची टाकी आणि घरटी चार-चार गावरान कोंबड्या सगळं आलं असतं. अंगणात दाणे टिपणारी एकही कोंबडी सुटली नसती, आणि प्रत्येक अंगणातून बोट माझ्याकडं आलं असतं.

म्हणून मी कडक झालो. शेताच्या रस्त्यावर बांबू आडवा टाकला. बांबूपासून शेडपर्यंत चुना एवढा मारला की विमानातून दिसला असता. दारात घमेल्यात पोटॅशचं जांभळं पाणी ठेवलं आणि पाय बुडवल्याशिवाय कुणाला पुढं येऊ दिलं नाही. सरपंच चौकशीला आले, त्यांचे पांढरे बूट जांभळे करून परत पाठवले. सख्ख्या भावाला बांबूपलीकडून बोलायला लावलं. तो म्हणाला, "दादा, मी मागच्या जन्मी कोंबडा होतो का?" मी म्हणालो, "होता का नव्हता ते भोपाळच्या सरकारी लॅबमधून तपासून येऊ दे." त्या दिवसापासून तो महिनाभर बोलला नाही.

राहिली रानातली पाखरं. आमच्यामागं पाझर तलाव आहे. हिवाळा सरताना त्यावर बगळे, बदकं, कुठून कुठून आलेली लांब चोचीची पाखरं उतरतात. एरवी मी पाव्हण्यांना मुद्दाम दाखवायला नेतो. आता एकेक पाखरू मला टपालातून आलेल्या नोटिशीसारखं वाटायला लागलं. कावळा पत्र्यावर बसला तरी मी दगड उचलायचो. मी शेडचे दोन्ही बाजूंचे पडदे पाडले आणि खालून तारेनं आवळले. दिवसाही आणि रात्रीही. चिमणीची सावलीसुद्धा आत पडू द्यायची नाही, असं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं शेडमधून हाक मारली. "ओ, हिकडं या."

ती अंडी गोळा करत होती. हातातला ट्रे तिनं माझ्यापुढं तिरका धरला. पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा, आपण बाजारात बघतो तसाच. त्याच्या कोपऱ्यावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

"हा कुणाचा?"

मी बघितलं आणि खरं सांगतो, मला तो ठिपका हळूहळू मोठा होताना दिसला.

झालं होतं असं. व्यापारी भरलेले ट्रे नेतो आणि रिकामे आणून देतो. मागच्या आठवड्यात रिकामे आलेच नाहीत. ट्रे कमी पडले की आमच्यात एकमेकांकडून उसने आणतात. जसं घरात साखर संपली की वाटी घेऊन शेजारी जातात तसं. मी साडूकडून दीडशे ट्रे मोटारसायकलला बांधून आणले होते आणि सरळ शेडमध्ये नेऊन रचले होते. हिरवा ठिपका ही साडूची खूण. त्याच्याकडं पहिली कोंबडी मेली ती त्यानंतर तीन दिवसांनी. आणि रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत काय काय चिकटलेलं असतं, ते कोंबड्या पाळणाऱ्याला सांगायला लागत नाही.

"सरपंचाला अडवलं," बायको म्हणाली. "भावजींना अडवलं. कावळ्यावर दगड मारले. आन् हे ट्रे काय हुकूम घेऊन आल्ते का आत यायला?"

ती बोलायची थांबली तेव्हा मला जास्त भीती वाटली.

आम्ही सगळे ट्रे उलटेपालटे करून हिरवे ठिपके शोधले. चौऱ्याण्णव सापडले. छपन्न व्यापाऱ्याबरोबर अंडी घेऊन जालन्याला गेले होते आणि आता ते कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या दुकानात असतील, देव जाणे. त्या चौऱ्याण्णवांना आमचे ट्रे लागलेले होते. म्हणून आमचेही काढले. बांधाच्या कडेला ढीग केला आणि पेटवला.

आता अंडी कशात ठेवायची? कोंबड्यांना ट्रे जाळल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, त्या देत राहिल्या. बादल्यांत भुसा घालून अंडी ठेवली. मग टोपल्यांत, मग धान्याच्या कोठीत, मग कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये. कुकर उघडला तरी अंडी. मी टोपी घालायला घेतली तर त्यात चार. व्यापाऱ्यानं तर फोन उचलायचंच बंद केलं होतं, आमच्या भागातलं अंडं कुणी घेईना.

पण हसायला कुणाला सुचत होतं? रोज सकाळी दार उघडताना माझा हात कडीवर थांबायचा. एरवी दोन हजारांत दोन-तीन दिवसांनी एखादी मेलेली निघायची, ते चालायचंच. चौथ्या दिवशी दोन निघाल्या. सहाव्या दिवशी पाच. अंडी कमी व्हायला लागली. कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या, काहींचे डोळे सुजून मिटले होते, तुरे काळपट पडले होते. टीव्हीवर जी लक्षणं सांगत होते ती मी बोटावर मोजली. बोटं संपली, लक्षणं उरली.

आठव्या दिवशी सकाळी अकरा निघाल्या. मी त्या दारापाशी एका ओळीत ठेवल्या आणि समोर बसलो. माझं त्या आठ दिवसांत एवढं वजन उतरलं होतं की करदोडा गळ्यातून काढता आला असता.

"डॉक्टरला फोन लावा," बायको म्हणाली.

"एक दिवस बघू."

"काल बी हेच म्हणलात."

"अगं, ते आले की खड्डा घेतेत. मंग परत काही नसतं. गाव आपल्याला ठेवील का?"

"आन् नाही बोलवलं तर? ते छपन्न ट्रे कुणाच्या घरी असतील? त्यांच्यात बी कुणाचा नवरा असाच बसला असंल की."

ती आत गेली. मी उठलो, पण फोनकडं गेलो नाही. आधी शेजारच्या मळ्यात मावशीकडं गेलो. मावशी सत्तरीच्या पुढची, एकटी राहते. तिच्या अकरा गावरान कोंबड्या आमच्या शेडपासून दगडफेकीच्या अंतरावर चरायच्या. वर्तुळ पडलं असतं तर पहिल्या दणक्यात तिच्या गेल्या असत्या. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं असं वाटलं.

बांबूचा नियम मी स्वतःही मोडला नाही. दूर उभा राहून सगळं सांगितलं. ट्रेचंसुद्धा. मावशी सूप हातात धरून ऐकत होती.

"मंग ते माझ्या बी मारतेन?"

"निघालं तर मारतेन, मावशी."

ती कुडाकडं बघत राहिली. "ती काळी खुडूक बसलीय," ती म्हणाली. "अंड्यावर. अजून सहा दिवस हायेत. पिल्लं निघूस्तोर थांबतेन का रं ते?"



"इचारतो मी," म्हणालो.

"इचार बाबा. न्हाई म्हणले तर न्हाई. पर इचार."

घरी येऊन मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, स्कूटीवर आल्या. बांबूपाशीच थांबून त्यांनी पांढरा झबला घातला, हातमोजे, चष्मा, मास्क. फोटोतल्या माणसांसारख्याच दिसायला लागल्या. मी त्यांना रस्त्यातच सगळं सांगून टाकलं. साडू, दीडशे ट्रे, हिरवा ठिपका, जालन्याला गेलेले छपन्न. त्यांनी व्यापाऱ्याचा नंबर लिहून घेतला.

"हे आधी का नाही कळवलंत?"

"म्हणजे काय झालं, मॅडम, नेटवर्क..."

"भेत होते," बायको मागून म्हणाली.

डॉक्टर आत गेल्या आणि दोनच मिनिटांत बाहेर आल्या. चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या मनात आलं, संपलं, डॉक्टरसुद्धा रडायला लागल्या.

"काका, पडदे कधीपासून पाडलेत?"

"आठ दिवस झाले."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा. तलावावरची पाखरं येतात ना. तारेनं पक्कं केलंय, चिमणी जाऊ शकणार न्हाई."

"हवासुद्धा जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर केवढं ऊन आहे. आत दोन हजार पक्षी, खाली त्यांची घाण. तो उग्र वास तुम्हाला येत नाही?"

येत होता. पण मला वाटलं होतं, तो रोगाचाच वास.

"डोळे त्या वासानंच सुजतात. माझे दोन मिनिटांत सुजायला लागले. ह्या आठ दिवस आत आहेत. आधी पडदे वर करा."

मी धावत जाऊन तारा तोडल्या. पडदे वर गेले तसा वारा आत शिरला आणि सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना त्या बाजूला फिरवल्या. दोन हजार माना. माझ्याकडं त्या तशा कधी बघत नाहीत.

"म्हणजे बर्ड फ्लू न्हाई?" मी विचारलं.

"असं मी म्हणालेले नाही. ट्रे आत आलेत. नमुने पाठवावेच लागतील." त्यांनी कोंबड्यांच्या घशातून, मागून काड्या फिरवून नमुने घेतले, मेलेल्यांतल्या काही पिशवीत बांधल्या. भोपाळहून अहवाल येईपर्यंत काही हलवायचं नाही, कुणी यायचं नाही, असं बजावलं. जाताना मी मावशीचं विचारलं. खुडूक कोंबडीचं. त्या थांबल्या. हेल्मेट हातात घेऊन म्हणाल्या, "असा नियम नाही हो काका." आणि मग, "बघू. आधी अहवाल येऊ द्या."

पुढच्या दिवशी सहा मेल्या. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. बायको म्हणाली, कमी होऊन राह्यलंय. मी म्हणालो, वादळाआधी वारं पडतं तसं असेल. आशा वाटली की मला जास्त भीती वाटायची. भोपाळ केवढं लांब आहे ते मला तेव्हा कळलं. माझ्या हिशेबानं ते तेव्हा लंडनच्याही पलीकडं गेलं होतं.

नमुने गेल्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी हायवेकडून जेसीबीचा आवाज आला. हायवेवर जेसीबी जातच असतात. पण हा वळला. आमच्या रस्त्याला लागला. धूळ उडत जवळ यायला लागली. मी बांबूपाशी उभा होतो. बायको शेडच्या दारात आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. तिला मी पंचवीस वर्षांत तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. जेसीबी बांबूपुढं येऊन थांबला. मला वाटलं, फोनसुद्धा केला नाही, सरळ पाठवला.

ड्रायव्हरनं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "काका, बांबू काढा ना. पुढं शेततळ्याचं काम हाय."

मी बांबू काढला. त्याचं दुसरं टोक जेसीबीच्या दिव्याला लागलं. तो पुढं गेल्यावर बायको दारातच खाली बसली.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "काका, निगेटिव्ह आलंय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "म्हणजे वाईट का चांगलं?" मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "चांगलं," त्या म्हणाल्या. "पडदे वर ठेवा." त्या छपन्न ट्रेंचंही त्यांनी सांगितलं. व्यापाऱ्यानं सापडले तेवढे जाळले, उरलेल्यांचा पत्ता नाही, पण अजून कुठून काही कळलेलं नाही. ते 'अजून' माझ्या पोटात कितीतरी दिवस राहिलं. मावशीला जाऊन सांगितलं तेव्हा तिच्या पदरात सात पिल्लं होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पिल्लांनाच म्हणाली, "ऐकलं का?"

साडू आला तो त्यानंतर महिन्यानं. मोटारसायकल लांब लावून चालत आला आणि बांबूच्या पलीकडं थांबला. बांबू मी तसाच ठेवला होता. साडू वाळला होता. त्याच्या शर्टाची कॉलर सैल झाली होती.

"आत या की, पाव्हणं."

"नको."

"डॉक्टर म्हणतेत, आता काही न्हाई."

"डॉक्टरला काय माहीत. बारा वर्षं कोंबड्यांतच वावरलो मी. कशात काय राह्यलं असंल." त्यानं आपले हात पालथे करून बघितले. मग म्हणाला, "ट्रे?"

"जाळले."

"समदे?"

"तुमचे, आमचे, समदे."

"बरं केलं." तो शेडकडं बघत होता. "मी तुम्हाला फोन करणार व्हतो ट्रेचं सांगायला. पहिली कोंबडी मेली तवाच ध्यानात आल्तं. दोनदा लावला. तुमचा आवाज आला की ठेवून दिला. वाटलं, सांगितलं तर खरं हुईल."

मी पण त्याला ट्रेचं विचारणार होतो, पण विचारलं नव्हतं. ते मी बोललो नाही. त्याला ते कळलं असावं. तो जमिनीवरचा चुना पायानं सारखा करत राहिला.

बायकोनं चहा करून आणला. बांबूवरून ग्लास त्याला दिला. काचेचा, फुलांची नक्षी असलेला, सहांतला एक. त्यानं उभ्या उभ्याच चहा पिला. एरवी तो एका घोटात पितो, त्या दिवशी बराच वेळ लावला. मग ग्लास हातात धरून उभा राहिला. बायकोनं घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिला नाही.

"येतो," म्हणाला आणि ग्लास खिशात घालून चालायला लागला.

आम्ही दोघं बघत राहिलो. खिशातून ग्लासाचा काचेचा काठ दिसत होता. मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर बायको म्हणाली, "दाजी ग्लास घेऊन गेले. त्यांचा हात लागला व्हता ना."

मी नंतर टपरीवर सांगितलं की चहा खिशातून ठिबकत ठिबकत त्याच्या गावापर्यंत गेला. ते खोटं आहे. ग्लास खिशात घालण्याआधी त्यानं तो शर्टाच्या टोकानं आतून कोरडा पुसून घेतला होता.